पाटावरची जर्मन बंदूक

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरी गावातल्या बायकांची रीघ लागायची. आम्हाला भेटायला म्हणून येत असतील असा कुणाचा गैरसमज असेल तर तो काढून टाका. त्या जर्मन बघायला यायच्या.

खंडेनवमीला आमच्याकडं प्रत्येक घर आपापली हत्यारं पाटावर मांडून पूजतं. शेतकऱ्याच्या घरी फाळ, विळा, खुरपं, कुऱ्हाड. सुताराच्या घरी करवत नि रंधा. पलटणीतल्या माणसाच्या घरी तलवार, नाहीतर निदान कुकरी. वाईच्या खाली, कृष्णेच्या काठाला आमचं गाव, आणि घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळं तलवारी गावात पुष्कळ होत्या. पण फाळाच्या शेजारी खरीखुरी जर्मन बंदूक फक्त आमच्या पाटावर असायची. तिचा रुबाब मी शाळेत पुरेपूर वापरला. एखादी मैत्रीण जास्त बोलायला लागली की मी तिला पाट दाखवणार नाही असं सांगायची, की लगेच तिची चिंच माझ्या हातात.

बंदूक आखूड होती, हातभराहून थोडी लांब. मागचा दस्ता लाकडाचा, जुन्या चहाच्या रंगाचा, इतका गुळगुळीत की गालाला लावावासा वाटे. पुढच्या नळीवर लोखंडाचं एक जाळीदार कवच, त्याला ओळीनं भोकं. उजव्या अंगाला गोळ्यांचं नळकांडं आडवं बाहेर आलेलं. त्यामुळं ती पाटावर धड बसायची नाही, एका कुशीवर कलायची. मग थोरली आई तिच्याखाली तांदळाची छोटी पुरचुंडी ठेवायची, लहान पोराच्या मानेखाली उशी द्यावी तशी. वर्षभर ती बंदूक तिच्या लग्नाच्या पेटीत जुन्या शालूत गुंडाळलेली असायची. खंडेनवमीला बाहेर काढली की आधी खोबरेल तेल, मग हळद-कुंकू, मग कवचाच्या एकेका भोकात एकेक झेंडूचं फूल. सगळी भोकं भरेपर्यंत ती कुणाशी बोलायची नाही.

थोरली आई म्हणजे माझी चुलती, माझ्या वडिलांची थोरली भावजय. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा आणि त्यांचे थोरले भाऊ दोघंही दुसऱ्या महायुद्धात एकाच पलटणीतून इटलीला गेले. थोरले तिथंच पडले. मी त्यांना पाहिलेलं नाही, माझा जन्म नंतरचा. तार आली तेव्हा थोरली आई विशीतली होती, मूल-बाळ नव्हतं. लढाई संपल्यावर पुष्कळ महिन्यांनी आबा एकटे परत आले आणि त्यांच्या बिस्तऱ्यात ही बंदूक होती.

त्या दिवसाची गोष्ट आमची आजी सांगायची. पलटणीतून माणूस आला की उंबऱ्यावर त्याच्यावरून भाकरीचा तुकडा नि पाणी ओवाळून टाकायची आमच्यात रीत आहे. आजी तुकडा घेऊन उभी राहिली, पण तिला रडू आवरेना, म्हणून थोरली आई पुढं झाली. आबांनी बिस्तरा सोडला, बंदूक बाहेर काढली आणि तोंड उघडलं. "वैनी, ही..." एवढंच ते बोलले. तिनं त्यांच्या हातातली बंदूक काढून घेतली, छातीशी धरली आणि म्हणाली, "त्यांनी जिंकल्याली, व्हय? त्यास्नी न्हाई आनता आलं, म्हनून त्यांची ही आनलीसा." आणि तो भाकरतुकडा तिनं बंदुकीवरून ओवाळला. आजी म्हणायची, तुझा बाप उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहिला, त्याच्यावरून कुणी काही ओवाळलंच नाही.

त्या दिवसापासून ती बंदूक म्हणजे आमचे थोरले. नवऱ्यानं जर्मनाशी समोरासमोर झुंज घेतली, त्याच्या हातातून बंदूक हिसकावली आणि मग कुठूनतरी आलेल्या गोळीनं ते पडले, असं थोरली आई सांगायची. झुंजीचं वर्णन दरवर्षी थोडं वाढायचं. आबा ते कधी खोडून काढत नसत आणि त्याला दुजोराही देत नसत. वाईहून एक भटजी आले होते. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, म्हणजे गेलेल्याला गती मिळते, असं त्यांनी सांगितलं. थोरली आई ओसरीवरून कडाडली, "पानांचा नवरा जाळू व्हय मी? मानूस हाय आमचं घरात." भटजी शिधा न घेता गेले.

तिनं कुंकूही पुसलं नाही. देह बघितल्याशिवाय सुनेच्या कपाळाला हात लावायचा नाही, असं आजीनं गावाला बजावून ठेवलं होतं. आजी गेल्यावरही ते कुंकू तसंच राहिलं. गावातल्या बायका संक्रांतीला तिला वाण द्यायचं टाळायच्या आणि खंडेनवमीला मात्र तिच्याच पाटापुढं हात जोडायला यायच्या. मला अजून या बायकांचा राग येतो. त्यातल्या निम्म्या आता हयात नाहीत, तरी येतो.

आणि खरं सांगायचं तर आबांचाही यायचा. पाटावरच्या फाळाला ते हळद-कुंकू वाहायचे, कुऱ्हाडीला वाहायचे, खुरप्यालासुद्धा हात जोडायचे. बंदुकीची पाळी आली की उठायचे. "भावजी, हिला बी वाहा की," असं थोरली आई दरवर्षी म्हणायची, आणि दरवर्षी आबांचे हात खराब असायचे, नाहीतर बैल सुटलेला असायचा. सख्ख्या भावाच्या बंदुकीला चिमूटभर कुंकू वाहवत नाही, काय हा माणूस, असं मला वाटे. भाऊ लढला आणि आपण नुसते परत आलो, याची त्यांना लाज वाटत असणार, असा मी माझ्यापुरता निकाल लावून टाकला होता. मास्तरीण व्हायची लक्षणं लहानपणापासूनच होती म्हणायची.

पुढं मी खरोखरच शिक्षिका झाले आणि सांगलीच्या एका शाळेत लागले. तिथल्या वाचनालयात महायुद्धातल्या हत्यारांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. एका दुपारी सहज चाळताना आमच्या पाटावरच्या बंदुकीचा फोटो निघाला. दस्ता तोच, भोकांचं कवच तेच, उजव्या अंगाचं नळकांडं तेच. अशा बंदुकांचं नळकांडं बहुधा डावीकडं नाहीतर खाली असतं, उजवीकडं असणाऱ्या थोड्याच, असं लिहिलं होतं. माहेरचं माणूस परगावच्या बाजारात भेटावं तसं मला झालं. मी तिथंच बाकावर बसून सगळं वाचून काढलं.

पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनीला असली हत्यारं करायला जिंकलेल्यांनी बंधनं घातली. पण कारागिरांच्या डोक्याला कोण बंधन घालणार? या बंदुकीचा आराखडा जर्मनाच्या डोक्यातला, आणि पहिले नमुने घडले ते शेजारच्या डेन्मार्कमध्ये. बंधनं सैल झाल्यावर ती मायदेशी परतली आणि मग तिचा धंदा सुरू झाला. स्वीडनला विकली, पार आफ्रिकेत हबशांच्या मुलखातही गेली. तिचा घोडा अर्धा ओढला तर एकच गोळी सुटायची, पुरता ओढला तर थेट सरबत्ती. कोंबडा चढवायची, म्हणजे बंदूक उडवायला सज्ज करायची मूठ मागच्या टोकाला, साध्या रायफलीसारखी, म्हणजे जुन्या शिपायालाही वेगळं शिकावं लागू नये. पुढं दुसरं महायुद्ध आलं, तेव्हा बिनलाकडाची, सगळ्या लोखंडाची नवी बंदूक निघाली. ती घडवायला झटपट, म्हणून साऱ्या फौजेला तीच मिळाली. ही जुनी, सुतारकामाची, निगुतीनं घडवलेली बंदूक मग बहुतेक करून तिथल्या हुकूमशहाच्या खास पलटणींच्या वाट्याला आली. त्यांतल्याच कुणाच्या तरी हातातून ती इटलीत आली असणार.

पुस्तकवाल्यानं तिचं कौतुकच केलं होतं. काम किती सफाईदार, लाकूड किती उत्तम. एक वाक्य मात्र माझ्या मनात रुतलं. ही लांबच्या माऱ्याची बंदूक नव्हे, घरात, बोळात, खंदकात, समोरच्याचा चेहरा दिसेल इतक्या जवळून मारायची बंदूक आहे, असं त्यात होतं. मला वाटलं, म्हणजे थोरली आई सांगते ती झुंज खरीच. सुट्टीत घरी गेल्यावर मी तिला हे सगळं सांगितलं. ती खूश झाली. आबा तिथंच दोरी वळत बसले होते. ते म्हणाले, "पुस्तकात समदं असतंय व्हय?" आणि दोरी तशीच टाकून गोठ्याकडं गेले.

मग आणीबाणी लागली. त्या वर्षी बिनपरवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करा असा निरोप गावोगाव फिरला. आमचा पोलीस पाटील भला माणूस होता, आबांच्या बरोबरचा. दसऱ्याच्या सुट्टीला मी घरी आले होते, तेव्हा तो ओसरीवर येऊन बसला, चहा घेतला, पावसापाण्याचं बोलला, उसाचं बोलला, आणि खाली बघत म्हणाला, "वैनी, माझा इलाज न्हाई. साऱ्या तालुक्याला ठावं हाय तुमच्याकडं काय हाय ते."

"ती उडती तरी का?" थोरली आई म्हणाली. "हिच्या पोटात काय सुदीक न्हाई."

ते खरं होतं. ज्या खटक्यानं गोळी सुटते तो आतला तुकडा आबांनी परत येतानाच बोटीवरून समुद्रात टाकला होता. पण कायद्याला ते कोण सांगणार?

"खंडेनवमी हुऊ द्या," पाटील म्हणाला. "दसरा करा निवांत. मग दिवाळीच्या आत आनून द्या. तवर मी काय बगितलं न्हाई."

थोरल्या आईनं त्याचा कप उचलला, आत नेला, आणि पेटीवर जाऊन बसली. मी तिच्याजवळ गेले तर म्हणाली, "दुसऱ्यांदा नेत्यात गं." तिच्या लेखी नवऱ्याला एकदा सरकारनं समुद्रापार नेलं होतं. आता तेच सरकार घरात येऊन परत मागत होतं. शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारी मी, तिच्याशेजारी पेटीवर टेकले.

त्या वर्षीची खंडेनवमी अशी झाली की गावातल्या बायकांना पाटाजवळ येऊच दिलं नाही. दार लोटून घेऊन थोरल्या आईनं तेल लावलं, फुलं भरली, पुरणाचा नैवेद्य दाखवला. आबा सकाळीच रानात निघून गेले होते.

दसरा झाला. सोनं वाटून झालं. दुसऱ्या दिवशी थोरल्या आईनं आम्हा सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. तिचा चेहरा रात्रभर न झोपलेल्याचा होता, पण आवाज ठाम होता.

"म्या इचार केलाय," ती आबांना म्हणाली. "लोखंड सरकारचं. सरकारला देऊन टाका. लाकूड माझं हाय. सुताराला बोलवा, दस्ता सोडवून घ्या. त्याला नदीवर न्या आनि अग्नी द्या. वाईच्या भटजीला मीच नाराज केलं हुतं, आता मीच बोलावनं धाडते. पानांचा पुतळा नगं. त्यांच्या मुठीत होतं ते लाकूड हाय, तीच त्यांची काया. तुमी पाठचं भाऊ. तुमच्या हातानं त्यास्नी वाटंला लावा. त्याबिगर मी कुंकू पुसनार न्हाई, आनि आता मला पुसायचं हाय. मी बी थकली, भावजी."

तीसेक वर्षांत ती थकली असं मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. माझी आई पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं, सुटलं एकदाचं. चांगला मार्ग काढला हिनं.

आबा उठले. मला वाटलं सुताराकडं निघाले. पण ते तसेच खांबाला धरून खाली बसले, आणि म्हणाले, "न्हाई वैनी. तसं करू नका. मला न्हाई जमायचं."

"का न्हाई? भावाला अग्नी द्यायचा जीवावर येतोय तुमच्या?" तिचा आवाज चढला. "जलमभर चिमूटभर हळद वाहिली न्हाईसा. मी बोलले न्हाई. आज बी न्हाईच म्हनता?"

"वैनी, दादाच्या मुठीत नव्हतं ते लाकूड."

आबा जमिनीकडं बघत बोलत होते आणि एकदा सुरू झाल्यावर ते थांबले नाहीत.

"डोंगरातलं गाव हुतं. दगडाची घरं. बोळातनं आमी चाललो हुतो, दादा म्होरं, मी मागं. एका घराच्या दाराआड तो दडला हुता. दादाला दिसला बी न्हाई. ह्याच बंदुकीनं त्यानं दादाला मारलं. पार जवळनं. मागच्यांनी त्याला टिपलं. तो बी पोरगाच हुता. बंदूक तितं पडली ती मी उचलली. मला वाटलं, हिला घरी न्यायची, लोहाराच्या ऐरनीवर ठेवायची आनि आईच्या म्होरं घन घालून हिचा चुरा करायचा. त्यासाठी वागवली म्या ती इतक्या लांबनं. आनि उंबऱ्यावर तुमी ती माझ्या हातातनं काढून घेतली आनि उराशी धरली. भाकरतुकडा ओवाळला तिच्यावरनं. मी काय बोलू तवा? आज सांगू, उद्या सांगू करत ऱ्हायलो. मग तुमी तिला फुलं वाहाया लागलासा. दर साली माझ्या भावाला मारनारीला माझ्या घरात निवद दावायचा आनि मी रानात जाऊन बसायचं. आता तुमी म्हनता तिलाच दादा म्हनून अग्नी दे. ते मला मेलो तरी व्हनार न्हाई, वैनी. तिला अग्नी दिला तर माझा दादा तसाच ऱ्हाईल. तितंच."

मी थोरल्या आईकडं बघायला घाबरत होते. मला वाटलं ती किंचाळेल, पेटी फोडेल, आबांच्या अंगावर धावून जाईल. तिचा स्वभाव तसा होता. तिनं यातलं काही केलं नाही. तिनं आपले दोन्ही तळहात पुढं धरले आणि बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. या हातांनी तिनं दरवर्षी त्या लोखंडाला तेल लावलं होतं.

मग तिनं विचारलं, "लगीच गेलं?"

"न्हाई. थोडा वेळ हुतं."

"तुमी जवळ हुतासा?"

"मांडीवर हुतं डोकं."

"पानी मिळालं त्यास्नी?"

आबा म्हणाले, "माझ्या बाटलीतलं पाजलं. एक घोट खाली गेला. दुसरा भाईर आला."

"म्हंजे एक गेला," थोरली आई म्हणाली.

"एक गेला."

"आनि मग?"

"मग आमाला म्होरं जायाचा हुकूम झाला. त्याला तितंच सोडला. मागच्यांनी काय केलं, जाळला का पुरला, मला ठावं न्हाई. म्या त्याला अग्नी दिला न्हाई, वैनी." आणि माझे आबा, ज्यांना मी कधी डोळे ओले करतानाही पाहिलं नव्हतं, ते त्या खांबाला कपाळ लावून रडायला लागले. तेव्हा मला कळलं की त्या घरात इतकी वर्षं दोघंजण एकाच माणसाचं सुतक धरून बसले होते आणि एकमेकांना त्याचा पत्ता नव्हता. थोरल्या आईनं त्यांना रडू दिलं. समजूत घातली नाही, शब्दानं टोचलंही नाही. तीस वर्षांत नवऱ्याच्या मरणाची एवढी हकीकत तिला पहिल्यांदाच मिळाली होती, आणि ती मनात घोळवत ती बसून होती. मग तिनं मला हाक मारली.

"पोरी, पळसाची पानं आनाय सांग कुनाला तरी. भरपूर आन म्हनावं."

मी म्हटलं, "पुतळा करायचा?"

"करायचा. आनि सुताराला बी बोलव. दस्ता सोडव म्हनावं." ती उठली आणि आबांकडं वळून म्हणाली, "तुमच्या भावाला तुमी अग्नी द्या, भावजी. पानांचा तर पानांचा. आनि ते लाकूड त्याच्या बुडाला घाला, सरपन म्हनून. त्यानंच मारलं न्हवं का, मग आता त्यानंच जाळावं."

दोन दिवसांनी आम्ही नदीवर गेलो. भटजी आले होते, तेच, आता पार म्हातारे झालेले. जुन्या रागाचा त्यांनी शब्दही काढला नाही. त्यांनी पळसाच्या पानांचा माणूस केला, दर्भानं बांधला. फार लहान दिसत होता. थोरली आई म्हणाली, "उंचीला जास्त हुतं ते," तर भटजींनी आणखी पानं लावली. खाली गोवऱ्या, त्यांच्यावर दस्ता. तो सोडवताना सुताराला म्हणे वाईट वाटलं होतं, असलं लाकूड आपल्याकडं मिळत नाही म्हणून. आबांनी अग्नी दिला. पानं पटकन जळाली. लाकडाला तीस वर्षांचं खोबरेल मुरलेलं, ते उशिरा पेटलं पण एकदा पेटल्यावर चांगलं जळलं.

गावातल्या चार बायका बांगड्या फोडायला म्हणून आल्या होत्या. संक्रांतीला वाण न देणाऱ्या, त्याच. मी त्यांना घाटावरूनच परत लावलं. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा मला पश्चात्तापही नाही. थोरली आई एकटी पाण्यात उतरली, ओंजळीनं तोंड धुतलं, कपाळ धुतलं, आणि वर आली. कुंकवाच्या जागी कातडी फिक्की, नव्या जन्मलेल्या पोरासारखी होती. तिच्याकडं बघून मला रडू आलं. ती म्हणाली, "रडतीस का? चल, भात टाकायचाय."

लोखंडाचा सांगाडा आबा दुसऱ्या दिवशी पोत्यात घालून ठाण्यात देऊन आले. त्याचं पुढं काय झालं कुणाला माहीत नाही. मी सांगलीला परत आले. कृष्णा इथंही आहेच. पुढं पुष्कळ दिवस मी शाळा सुटल्यावर घाटावर जाऊन बसायची. नदीवरची राख इतक्या लांब येत नाही हे मला कळत होतं, तरी जायची.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम रजा काढून घरी गेले. पाट मांडला होता. फाळ, विळा, कुऱ्हाड, खुरपं. बंदुकीची जागा रिकामी होती आणि कुणाची तिकडं बघायची हिंमत नव्हती. एकही शेजारीण आली नाही, बघायला आता काही नव्हतंच. आबा मात्र त्या वर्षी रानात गेले नव्हते. ते पाटासमोर मांडी घालून बसले होते.

थोरली आई आतून आली. तिच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. तो तिनं रिकाम्या जागी, तांदळावर ठेवला. त्यात एक झेंडूचं फूल सोडलं.

"भावजी, आता वाहा," ती म्हणाली.

आबांनी तांब्याला हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. बराच वेळ त्यांनी हात खाली घेतले नाहीत. मग थोरल्या आईनं फूल बाजूला काढलं, तांब्या उचलला आणि त्यांच्यापुढं धरला. "प्या," ती म्हणाली. "तुमाला पानी इचारायचं राहून गेलं हुतं त्या दिशी. उंबऱ्याभाईरच उबं ऱ्हायला हुतासा."

आबांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि तोंडाला लावला. एक घोट खाली गेला. दुसरा त्यांच्या घशाखाली उतरेना.